मोका पॉटची कॉफी कडू का होते?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोललो तसंच आहे, फक्त मधले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युली' बरेचसे काढलेत.

मोका पॉट विकताना बॉक्सवर हमखास 'स्टोव्हटॉप एस्प्रेसो' लिहिलेलं असतं. इथेच पहिला घोळ होतो. एस्प्रेसो मशीन साधारण ९ बार दाब देतं. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. मोका पॉटमध्ये हा दाब एक-दोन बारच्या आसपासच राहतो. त्यामुळे एस्प्रेसोवर येतो तसा जाड, सोनेरी फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, तो इथे येणार नाही. तो यावा म्हणून पावडर अगदी पिठासारखी दळून, वर दाबून भरणारे लोक आहेत. त्यांना मिळते ती कडूजार कॉफी. मग दोन आठवड्यांत भांडं माळ्यावर जातं आणि लोक म्हणतात, मोका बेकार आहे. भांडं बेकार नाहीये हो. त्याच्याकडून भलतीच अपेक्षा आहे.

हे भांडं इटलीतलं. अल्फोन्सो बियालेत्तींच्या कारखान्यातून १९३३ मध्ये ते बाहेर आलं. अॅल्युमिनियमचं, अष्टकोनी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचा मुलगा रेनातो याने जोरदार जाहिरात करून ते इटलीच्या घराघरांत पोचवलं. २०१६ मध्ये रेनातो गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवल्या होत्या. प्रॉडक्टवर इतकं प्रेम मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आता आतली गंमत बघू, कारण ती कळली की बाकी सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. खालच्या भागात पाणी. त्यात बुडलेलं नरसाळं, नरसाळ्याच्या वरच्या वाटीत कॉफी. वर रिकामं भांडं, आणि दोन्हींच्या मध्ये रबराची रिंग. गॅस लावला की पाण्यावर कोंडलेली हवा आणि वाफ पसरायला लागते. त्यांना बाहेर जायला वाट नाही, म्हणून त्या पाण्याला खाली दाबतात, आणि पाणी नरसाळ्यातून वर चढतं. लक्षात घ्या, त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. कॉफीची पहिली धार येते तेव्हा खालचं पाणी १०० अंशांच्या बरंच खाली असतं. सुरुवातीची ही दाट, काळपट धार म्हणजेच चांगली कॉफी.

मग खालच्या पाण्याची पातळी नरसाळ्याच्या टोकाखाली जाते. आता पाण्याबरोबर वाफ घुसते. फुर्र, फसफस, गुरगुर असा आवाज येतो, धार फिकट पिवळी होते, शिंतोडे उडतात. आधीच सगळं काही देऊन बसलेल्या पावडरीतून ही जास्त गरम वाफ आणि पाणी उरलासुरला कडूपणा, तुरटपणा ओढून आणतं. आपल्याकडे बहुतेक जण हा आवाज ऐकूनच 'झाली कॉफी' म्हणतात, कारण कुकरच्या शिट्टीची सवय. मोकामध्ये हा आवाज म्हणजे उशीर झालाय.

म्हणून झाकण उघडं ठेवा आणि बघत राहा. धारेचा रंग मधासारखा झाला की गॅस बंद करायचा, भांडं उचलून ओल्या फडक्यावर ठेवायचं. तळ गार झाला की दाब पडतो आणि धार थांबते. खाली थोडं पाणी उरेल, उरू द्या. सगळ्या भागातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

आच बारीक ठेवा. छोटा बर्नर, आणि ज्योत तळाच्या बाहेर येता कामा नये. मोठ्या आचेवर पाणी सुसाट वर जातं, पावडरीत एखादी वाट फोडतं आणि बाकीची पावडर नुसतीच ओली होते. शिवाय प्लॅस्टिकचा दांडा वितळतो. आपल्या शेगडीच्या स्टँडवर लहान मोका डगमगतो, तर वर एखादी छोटी जाळी ठेवा. आणि इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा मोका तापतच नाही. रूमवर फक्त इंडक्शन असेल तर तळाला इंडक्शन चालेल असा स्टीलचा घ्या. विकत घ्यायच्या आधी हे बघा, नंतर नाही.

पाणी गार घ्यायचं की गरम, यावर इटलीत आणि यूट्यूबवर भांडणं आहेत. २००७ चे जागतिक बरिस्ता विजेते जेम्स हॉफमन आधीच उकळलेलं पाणी भरतात. इटलीतल्या घरांत नळाचं गार पाणी चालतं. मी गरम भरतो, कारण भांडं गॅसवर कमी वेळ राहतं आणि कोरडी पावडर तापत बसत नाही. फक्त आवळताना खालचा भाग भाजतो, फडक्याने धरा. नीट आवळलं नाही तर रिंगेतून वाफ निसटते.

आता पावडर. आपल्याकडचा खरा घोटाळा इथे आहे. किराणा दुकानातली फिल्टर कॉफी बहुतेक वेळा चिकोरी मिसळलेली असते. ७०:३०, ८०:२० असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरांत. कायद्यानं अशा मिश्रणात निम्म्याच्या वर, म्हणजे किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. पण उरलेली चिकोरी पाण्यात विरघळून चिकट होते. साउथ इंडियन फिल्टरमध्ये ते छानच लागतं, तिथे पाणी निवांत झिरपतं. मोकामध्ये मात्र वाट तुंबते. म्हणून पाकिटावर '१०० टक्के कॉफी' बघा. चिकमगळूर किंवा कूर्गची, मध्यम ते गडद भाजलेली घ्या. इन्स्टंट तर अजिबात नको, ती आधीच बनवून वाळवलेली कॉफी असते.

दळण बारीक रव्यासारखं. वाटी काठोकाठ भरायची, बोटाने सपाट करायची, दाबायची नाही. तीन कपांच्या भांड्यात साधारण १५ ग्रॅम बसते. हो, हे 'तीन कप' इटालियन, म्हणजे एकेक ५० मिलीचा. दुधाची कॉफी पिणाऱ्या एका माणसाला एवढं लागतंच.

पाणी भरताना खालच्या भागाच्या बाजूला पितळी बटणासारखा सेफ्टी व्हॉल्व्ह दिसेल. पाणी कायम त्याच्या खाली. वाट तुंबली तर दाब सोडायला हीच एक जागा असते. कुकरची शिट्टी दर वेळी वाजावी म्हणून असते, हा व्हॉल्व्ह मात्र कधीच उडू नये अशी अपेक्षा. त्याचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाच्या चेहऱ्याकडे येईल असं भांडं ठेवू नका. पाच-सात मिनिटं झाली, खालून तापलंय, पण धारच नाही? गॅस बंद. उघडायला जाऊ नका. पूर्ण गार होऊ द्या, मग खोला. पावडर फार बारीक असते किंवा गाळणी तुंबलेली असते.

चव अजून जमत नसेल तर डीबगिंगचा नियम लावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कडू लागतेय? आधी लवकर थांबवून बघा. तरीही कडू, तर दळण थोडं जाड. आंबट किंवा पाणचट लागतेय, तर दळण थोडं बारीक. आच, पावडर, पाणी तिन्ही एकदम बदललंत, तर काय सुधारलं ते कळणारच नाही.

धुण्याबद्दल बरेच मेसेज आले होते. साबण वर्ज्य, ही इटलीतली जुनी समजूत. जुन्या कॉफीचं तेल खवट होतं, त्यामुळे कोमट पाणी, गरज पडली तर सौम्य साबण आणि मऊ कापड चालेल. तारेची घासणी, चिंच, डिशवॉशर मात्र नको, अॅल्युमिनियम काळं पडतं. घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर मोका सिंकमध्ये ठेवूच नका, तुम्हीच विसळा आणि उघडा वाळवा. रबराची रिंग कडक झाली, चिरली की बदलायची. नवी घेताना भांडं किती कपांचं आहे ते सांगा, मापं वेगवेगळी असतात.