संगणक तारीख कशी वाचतो?

समजा बीडच्या पर्जन्यमापकाची एक नोंद तुमच्यापुढे आहे :

बीड, ०५/०७/२४, ०८:३०, १२.४

तुम्ही चटकन सांगाल, ५ जुलै २०२४, सकाळी साडेआठ, पाऊस १२.४ मिलिमीटर. संगणकाला मात्र यात तारीख दिसतच नाही. त्याच्या लेखी ०५/०७/२४ ही केवळ आठ चिन्हांची माळ आहे. तिची तारीख कशी करायची, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने त्याला सांगावे लागते.

प्रथम तिरप्या रेघांपाशी माळ तोडायची. तीन तुकडे मिळतात. मग प्रत्येक तुकड्याची संख्या करायची. येथेही सावध राहावे लागते. युनिकोड संकेतात देवनागरी ५ चा क्रमांक २४११, तर रोमन ५ चा ५३ आहे. आपल्याला एक वाटणारा अंक संगणकाला दोन निरनिराळी चिन्हे वाटतात.

आता खरा प्रश्न : दिवस कोणता आणि महिना कोणता? आपण दिवस आधी लिहितो, अमेरिकेत महिना आधी लिहितात. आज्ञावलीत अमेरिकी क्रम दिला असेल, तर १३/०७/२४ ला संगणक अडेल, कारण तेरावा महिना नसतो. ही चूक निदान कळते तरी! पण ०५/०७/२४ तो बिनतक्रार ७ मे म्हणून वाचेल. हिशेब करून पाहा. प्रत्येक महिन्याचे पहिले १२ दिवस, म्हणजे १४४ तारखा दोन्ही प्रकारे वाचता येतात. त्यांपैकी ५/५ सारख्या १२ तारखांत फरक पडत नाही. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप चुकतात.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही चूक लहान नव्हे. पेरणीनंतर पावसाचा खंड किती दिवसांचा पडला, हे अशाच नोंदींवरून मोजतात. जुलैचा पाऊस मे महिन्यात जाऊन बसला, तर नसलेला खंड कागदावर दिसू लागेल.

वर्षाचे दोनच अंक लिहिणेही धोक्याचे. पायथॉन या संगणकभाषेतील प्रचलित नियमानुसार ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. आजोबांचे जन्मवर्ष ‘६५’ असे लिहिले, तर संगणकाच्या मते ते २०६५ साली जन्मणार!

चार अंक लिहिले तरी सन कोणता, हे कळले पाहिजे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे महसुली कामकाजात फसली सन चाले. त्या काळच्या कागदावरील १३५० हे वर्ष इसवी सन समजले, तर सहाशे वर्षांच्या आसपास चूक होईल. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. दोन आकडे अशासाठी, की फसली वर्ष जानेवारीत सुरू होत नसे.

या गोंधळावर उपाय म्हणून १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यानुसार आपली तारीख २०२४-०७-०५ अशी लिहितात : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशा तारखा नुसत्या चिन्हांच्या क्रमाने लावल्या, तरी त्या आपोआप काळाच्या क्रमाने लागतात.

तुमच्या वर्गातील सर्वांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहा. त्यांतील किती तारखा दोन प्रकारे वाचता येतात, ते मोजा.