घर घेण्यापूर्वीचा हिशेब

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ती रूढ झाली तेव्हा घर बांधणे म्हणजे विटा, चुना, लाकूड आणि गवंडी यांच्यामागे वर्षभर धावणे होते. आजचा नोकरदार गृहस्थ घर बांधीत नाही; बांधलेले घेतो आणि त्याची किंमत पंधरा-वीस वर्षे फेडीत राहतो. त्याची धावाधाव संपलेली नाही. ती विटाचुन्यामागून कागदपत्रांमागे आणि व्याजामागे गेली आहे, एवढेच. या नव्या धावपळीची पूर्वतयारी कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे आणि त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते चंडीगढ शहराचे.

सैन्यातील, बँकांतील, तेथील मोठ्या रुग्णालयातील किंवा विद्यापीठातील नोकरीमुळे मराठी माणसे चंडीगढला जातात आणि पुष्कळदा त्या नीटनेटक्या शहराच्या मोहात पडून तेथेच राहावे असे त्यांना वाटू लागते. मग घराचा शोध सुरू होतो. या शोधात बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, 'कोणती बँक कमी व्याज घेते?' वास्तविक हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात. आपण जे विकत घेत आहोत ते नेमके काय आहे, हा पहिला. आणि आपल्या हाती स्वतःची रक्कम किती आहे, हा दुसरा. हा क्रम उलटला तर स्वस्त व्याजाचे कर्जही महाग पडते, हे चंडीगढच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कोठल्या शहराच्या उदाहरणाने होईल.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. त्या गरजेतून हे शहर उभे राहिले. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार त्याची रचना झाली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सेक्टर १ ते ३० हा त्याचा पहिला टप्पा सुमारे दीड लाख वस्तीसाठी आखलेला होता. त्यातील भूखंडांवर एका कुटुंबासाठी एक घर, ज्याला तिकडे कोठी म्हणतात, अशी कल्पना होती. पुढे १९६६ साली चंडीगढ केंद्रशासित झाले, दोन राज्यांची राजधानी झाले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. क्षेत्रफळ मात्र सुमारे ११४ चौरस किलोमीटरच राहिले. एका बाजूस पंजाब आणि दुसऱ्या बाजूस हरियाणा असल्यामुळे शहराला पसरण्यास जागा नाही. मागणी वाढती आणि जमीन मोजकी, म्हणून कोठ्यांच्या किमती सामान्य पगारदाराच्या आवाक्याबाहेर गेल्या.

यातून एक पळवाट निघाली. तीन खरेदीदारांनी मिळून एक कोठी घ्यायची, खरेदीखतात प्रत्येकाच्या नावे एकतृतीयांश अविभक्त हिस्सा लिहायचा आणि आपापसांतील करारान्वये तळमजला एकाने, पहिला मजला दुसऱ्याने, वरचा तिसऱ्याने वापरायचा. व्यवहारात तो मजल्याचा मालक. कायद्याच्या दृष्टीने मात्र केवळ हिस्सेदार. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १० जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील एककुटुंबी घरांचे असे मजलेवार तुकडे पाडण्यास मनाई केली. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती भूषण गवई हे आपल्या अमरावतीचे. निकालानंतर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला हिस्सा विकण्याचे व्यवहार अडले. ज्याने आयुष्याची पुंजी घालून 'मजला' घेतला होता, त्याला आपण मजला घेतलेलाच नाही हे विकण्याची वेळ आल्यावर उमगले.

म्हणून पहिला धडा हा, की घर पाहण्यापूर्वी हक्क पाहावा. चंडीगढमध्ये अनेक घरे ९९ वर्षांच्या पट्ट्यावर दिलेली आहेत. अशा घराची जमीन शासनाची असते आणि हस्तांतरासाठी परवानगी लागते. पट्ट्याचे रूपांतर पूर्ण मालकीत करून घेण्याचे नियम १९९६ साली झाले. तेव्हा विकणाऱ्याने ते रूपांतर केले आहे काय, हे विचारावे. दुसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. पंजाबातील कित्येक घरमालक परदेशी राहतात आणि त्यांच्या वतीने मुखत्यार व्यवहार करतो. मुखत्याराने मालकासाठी रीतसर खरेदीखत करून देणे निराळे आणि नुसते मुखत्यारपत्र हाती घेऊन 'घर आपले झाले' असे समजणे निराळे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. शिवाय मालक परदेशस्थ असेल तर खरेदीदाराने किमतीतून कापून सरकारात भरावयाचा प्राप्तिकर नेहमीपेक्षा बराच अधिक असतो. देशातील विक्रेत्याच्या बाबतीत ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीवर ही कपात १ टक्का आहे. ती करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, विकणाऱ्याची नव्हे.

शहरात जमत नाही म्हणून पुष्कळजण मोहाली, झिरकपूर, खरड किंवा पंचकुला येथे वळतात. यांतील पहिली तीन पंजाबात आणि पंचकुला हरियाणात. एकाच वस्तीसारखी दिसणारी ही गावे तीन निरनिराळ्या शासनांखाली येतात. मुद्रांक शुल्क निराळे, नोंदणीचे कार्यालय निराळे. जमिनीच्या मापातही सावध राहावे. वीस मरल्यांचा एक कनाल हे ठीक. परंतु मरला कोठे २२५ चौरस फुटांचा तर कोठे २७२ चौरस फुटांचा धरतात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घ्यावयाचे असेल तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम करणाऱ्याला मागता येत नाही. गावठाणाच्या 'लाल डोरा' हद्दीतील घर स्वस्त मिळते, पण तेथे व्यक्तिगत मालकीची नोंद पुष्कळदा नसते आणि बँका अशा तारणावर कर्ज देण्यास नाखूश असतात. बँकेचा नकार हा अशा वेळी अपमान मानू नये. तो फुकट मिळालेला कायदेशीर सल्ला असतो.

हक्काची खात्री पटली, की दुसरा प्रश्न हातच्या रकमेचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जास घराच्या मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जास ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. हे मूल्य बँकेचा मूल्यमापक ठरवितो, विकणारा नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यांचा खर्च त्यात सहसा धरत नाहीत. हिशेबासाठी ६० लाखांचे घर घेऊ. नियमाने ४८ लाख मिळू शकतील. परंतु आपण ४० लाखच घ्यायचे ठरविले असे समजा. मग २० लाख स्वतःचे हवेत. मुद्रांक, नोंदणी, दलाली, वकील आणि किरकोळ दुरुस्ती धरून आणखी पाच लाख हाताशी ठेवावे लागतील. याखेरीज सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते भागतील इतकी गंगाजळी निराळी असावी. तिला घराच्या खरेदीत हात लावू नये. किमतीचा काही भाग कागदावर न दाखविता रोखीने द्यावा, असे कोणी सुचविले तर साफ नकार द्यावा. ते बेकायदा आहेच, शिवाय बँक कर्ज देते ते कागदावरील किमतीवर.

कर्जाचा अर्ज करण्याच्या वर्षभर आधी आपली पतनोंदही तपासावी. प्रत्येक पतमापन संस्थेकडून वर्षातून एकदा ती विनामूल्य मिळते. एखाद्या जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली बाकी त्यात निघाली तर ती फेडून नोंद दुरुस्त होण्यास अवधी लागतो.

आता हप्त्याकडे येऊ. ४० लाखांचे कर्ज, दर साल साडेआठ टक्के व्याज, मुदत वीस वर्षे असे धरले तर मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम ६,४०० रुपये. पाच वर्षांत आपण जवळजवळ २१ लाख भरलेले असतात आणि तरीही मुद्दल सव्वापस्तीस लाख शिल्लक असते. वीस वर्षांत एकूण सुमारे ८३ लाख भरले जातात. हेच कर्ज पंधरा वर्षांचे केले तर हप्ता सुमारे ३९,४०० होतो, पण एकूण भरणा ७१ लाखांवर येतो. तीस वर्षांचे केले तर हप्ता ३०,८०० च्या आत राहतो आणि एकूण भरणा एक कोटी दहा लाखांच्या पुढे जातो. महिन्याला चार हजार वाचविण्यासाठी सत्तावीस लाख अधिक मोजावे लागतात, असा हा हिशेब आहे. ज्यांची बदली चार-पाच वर्षांत संभवते त्यांनी तर तो दोनदा करावा. कारण पाच वर्षांनी घर विकताना हाती येणारी रक्कम बँकेची बाकी चुकती करूनच उरावयाची असते.

व्याजाचा दर बदलता घ्यावा की स्थिर, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मापाशी जोडलेली असतात. मे २०२२ च्या आरंभी रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला आणि पुढे २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात एक टक्क्याने उतरला. म्हणजे दर चढतो तसा उतरतोही. पण चढतो तेव्हा काय होते ते पाहा. आपल्या उदाहरणातील दर आरंभीच साडेनऊ झाला आणि हप्ता मात्र तोच ठेवला, तर २४० हप्त्यांऐवजी सुमारे ३०९ हप्ते भरावे लागतील. हप्ता वाढला नाही म्हणून गृहस्थ निश्चिंत असतो आणि इकडे त्याची मुदत पावणेसहा वर्षांनी लांबलेली असते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दर बदलल्यास हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही थोडे थोडे करावे, ही निवड कर्जदाराला दिली पाहिजे. ती निवड मागून घ्यावी. हप्ता अडीच हजारांनी वाढला तरी पेलेल, इतकी जागा प्राप्तीत आधीच राखली असेल तर बदलता दर भीतिदायक नाही. शिवाय बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही, ही मोठी सोय आहे. बोनस किंवा थकबाकी हाती आली की ती पहिल्या काही वर्षांत मुद्दलात भरावी. त्या वेळी भरलेला रुपया सर्वांत अधिक व्याज वाचवितो.

बँकेपुढे बसल्यावर चार गोष्टी लेखी विचाराव्यात. दर कोणत्या मापाशी जोडला आहे आणि त्यावर बँकेची वाढ किती. अर्जाचे शुल्क किती. कर्जासोबत पुढे केलेला विमा ऐच्छिक आहे काय. आणि मूळ दस्तऐवज कोठे ठेवले जातील. कर्ज फिटल्यावर ते ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसास ५,००० रुपये भरपाई आहे. प्राप्तिकरातील सवलतीच्या आशेने मात्र घर घेऊ नये. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर ती मिळतच नाही.

हप्ता चुकल्यास काय होते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ९० दिवस थकबाकी राहिली की कर्ज बुडीत वर्गात जाते आणि २००२ च्या कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस देऊन बँक दिवाणी न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. अडचण दिसू लागताच, पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच, बँकेकडे जाऊन मुदत वाढवून मागावी. त्या वेळी बोलण्यास जागा असते. नोटीस आल्यावर ती फार थोडी उरते.

किती कर्ज द्यावे हे बँक आपल्या पगारावरून ठरविते. मुलांचे शिक्षण, गावाकडील आईवडील, उद्याची बदली यांचा तिच्या कागदांत समावेश नसतो. तो हिशेब पतिपत्नींनी एकत्र बसून आपणच मांडला पाहिजे. तो जुळत नसेल तर आणखी दोन वर्षे भाड्याच्या घरात राहण्यात काही कमीपणा नाही. ठरविलेला हप्ता त्या दोन वर्षांत दरमहा भाड्याखेरीज बाजूला टाकून पाहावा. तो सहज बाजूला पडला, तर कर्ज पेलण्याची परीक्षा आपण उत्तीर्ण झालो असे समजावे आणि घराचीही बरीचशी पुंजी तेवढ्यात जमलेली असेल.