३६ क्लिकचा हनिमून

नवं कोरं लग्न, अमेरिकेतली चार शहरं, दोन जुने कॅमेरे आणि मोजून दहा रोल. डिलीट बटण नसलेल्या एका हनिमूनची ही गोष्ट...

कबूल करा! ऑफिसातलं कुणीतरी नुकतंच हनिमूनहून परत आलंय, लंच टाइमला त्याने डब्याशेजारी फोन ठेवलाय आणि तुम्ही अंगठ्याने फोटो सरकवत मनातल्या मनात देवाचा धावा करताय. एकाच पुलाचे सतरा फोटो, एकाच कॉफीचे नऊ. सतराव्या फोटोपर्यंत पूल कुठला होता हेही विसरायला होतं. आणि गंमत म्हणजे, स्वतः फोटो काढणाराही ते पुन्हा कधी बघत नाही!

आता घरातला आई-बाबांचा जुना अल्बम आठवा. महाबळेश्वर, वेण्णा लेक, भाड्याचा घोडा, बाबांची बेलबॉटम आणि आईचा लाजरा चेहरा. फोटो किती? फार तर वीस-पंचवीस. पण त्यातल्या प्रत्येकाची स्टोरी आईला तोंडपाठ.

माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने नेमका हाच फंडा उचलला. दोघंही आयटीतले, रोज दहा-दहा तास स्क्रीनला चिकटलेले. लग्न रीतसर ठरवून, म्हणजे साखरपुडा ते मांडव या चार महिन्यांत झालेली ओळख तेवढीच. अमेरिकेची तिकिटं काढली आणि ठरवलं, फोन फक्त मॅपसाठी, बोर्डिंग पाससाठी आणि घरी ‘पोचलो’ सांगण्यासाठी. फोटो काढायचे ते फिल्मवर. सासऱ्यांनी माळ्यावरून त्यांचा यशिका एमएफ-२ काढून दिला. नवऱ्याने सेकंडहँड पेंटॅक्स के-१००० मिळवला. हा पूर्ण मेकॅनिकल कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत होता, आणि त्यात बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरला.

आता हिशेब बघा. दहा रोल, प्रत्येकी ३६ फ्रेम, एकूण ३६०. ट्रिप अठरा दिवसांची. म्हणजे दिवसाला वीस, माणशी दहा. रोलची किंमत, तो धुण्याचा आणि स्कॅन करण्याचा खर्च धरला तर एक क्लिक वडापावपेक्षा महाग! नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिसऱ्या दिवसापासून तगादा सुरू झाला, फोटो पाठवा. फोटो नाहीत म्हटल्यावर आत्याला वाटलं, भांडले की काय दोघं. (तोपर्यंत नव्हते भांडले. ते पुढे येईलच!)

न्यूयॉर्क : सगळंच काढावंसं वाटतं

पहिला धडा न्यूयॉर्कने दिला. ब्रुकलिन ब्रिज, सेंट्रल पार्क, पिवळ्या टॅक्स्या, टाइम्स स्क्वेअर... मान वर केली की फोटो, खाली केली की फोटो. पहिल्याच दिवशी दुपारी दोन वाजता त्याच्या दहा फ्रेम संपल्या. मग उरलेला दिवस तो नुसता बघत फिरला. १८८३ सालच्या त्या ब्रुकलिन ब्रिजवर पायी चालणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांची वाट आहे आणि गाड्या तिच्या खालून दोन्ही अंगांनी धावत असतात. पायाखालची ती थरथर त्याला संध्याकाळी जाणवली. सकाळी तो तिथूनच चालला होता, पण तेव्हा डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला होता.

खरेदीवाल्यांसाठी एक टिप. ३४व्या रस्त्यावरचं बी अँड एच हे कॅमेऱ्यांचं प्रचंड दुकान फिल्मवाल्यांची पंढरीच आहे. पण शनिवारी, ज्यू धर्मीयांच्या सुटीच्या दिवशी, ते बंद असतं. शनिवारी दारापर्यंत जाऊन परत येऊ नका.

रॉचेस्टर : कोडॅकचं माहेर

न्यूयॉर्कहून शिकागोला जाताना बहुतेक जण विमान पकडतात. हे दोघं ट्रेनने निघाले आणि मधेच रॉचेस्टरला उतरले. हनिमूनला रॉचेस्टर? हो! कारण हे कोडॅकचं गाव. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये इथून आपला पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला. किंमत २५ डॉलर, आत शंभर फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोटो संपले की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून मिळायचे आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. फोटो काढणं हे सामान्य माणसाच्या हातात आलं ते इथून. जगभरातल्या लग्नांचे आणि हनिमूनचे अल्बम ज्याच्या फिल्मने भरले, तो ईस्टमन स्वतः मात्र जन्मभर अविवाहित राहिला! त्याच्या बंगल्यात आता फोटोग्राफीचं म्युझियम आहे.

याच कंपनीत १९७५ मध्ये स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने डिजिटल कॅमेरा तयार केला, आणि पुढे याच डिजिटलच्या लाटेत कोडॅकवर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. कंपनी २०१३ मध्ये त्यातून बाहेर आली. फिल्म आजही रॉचेस्टरमध्येच बनते. कोडाक्रोम ही गाजलेली फिल्म मात्र २००९ मध्ये बंद झाली. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा, ३६ फ्रेमचा रोल स्टीव्ह मॅकरी या फोटोग्राफरला मिळाला आणि तो त्याने थोडा न्यूयॉर्कमध्ये आणि बराचसा भारतात वापरला. आपल्या अमिताभ बच्चनचाही फोटो त्या रोलवर आहे. एवढ्या मोठ्या माणसालाही फ्रेम किती? छत्तीसच!

नायगारा : जो फोटो आलाच नाही

रॉचेस्टरहून नायगारा गाडीने दीडेक तासावर. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन जोडपी हनिमूनला इथे येतात, म्हणजे त्यांचं महाबळेश्वरच म्हणा ना. तुषारांनी भिजेल म्हणून सासऱ्यांचा यशिका हॉटेलवर राहिला. पेंटॅक्समध्ये नवा रोल भरला आणि दिवसभर दोघांनी आलटून पालटून क्लिक केले. बोटीतून धबधब्याच्या पायथ्याशी, प्लॅस्टिकच्या रेनकोटमध्ये, इंद्रधनुष्यासकट. एका दिवसात ३६! बजेटची पार वाट लागली, पण नायगारा काय पुन्हा पुन्हा होतो?

महिन्याने रोल धुऊन आला तो कोरा करकरीत. एकही फोटो नाही. झालं असं, की रोल भरताना फिल्मचं टोक आतल्या चाकात नीट अडकलंच नव्हतं. काउंटर पुढे सरकत होता, शटर खटाखट वाजत होतं, फिल्म मात्र जागच्या जागी. मैत्रीण लॅबच्या काउंटरवर रडली. तिथल्या काकांना तिची समजूत काढावी लागली.

आता मात्र घरी पाहुणे आले की अमेरिकेतलं पहिलं नाव नायगाराचंच निघतं. फोटो दाखवता येत नाही, म्हणून सांगावं लागतं. तो म्हणतो, बोटीत ती घाबरून त्याच्या दंडाला धरून उभी होती. ती म्हणते, छे, घाबरला होता तो! पुरावा कुणाकडेच नाही. सासूबाई दर वेळी वेगळ्या बाजूने कौल देतात.

शिकागो : दोघं एका फ्रेममध्ये कसे?

सेल्फी नाही म्हटल्यावर एक साधा प्रॉब्लेम उभा राहतो. एक जण कॅमेऱ्यामागे, एक पुढे. मग दोघं एकत्र येणार कसे? अनोळखी माणसाला विनंती करावी, तर फोनवर वाढलेल्या पोरांना फोकस कुठून करायचा हेच ठाऊक नसतं.

उत्तर शिकागोत सापडलं. या शहरात व्हिव्हियन मायर नावाची एक बाई घरोघरी मुलं सांभाळायचं काम करायची आणि गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यावर फोटो काढायची. भाडं थकलेल्या गोदामातलं तिचं सामान २००७ मध्ये लिलावात निघालं, तेव्हा कुठे जगाला तिचा पत्ता लागला. एक लाखाहून जास्त निगेटिव्ह! कित्येक रोल तर तिने धुतलेच नव्हते. २००९ मध्ये ती गेली, जगभर झालेलं नाव तिने पाहिलंच नाही. तिने स्वतःचे खूप फोटो काढलेत, आरशात आणि दुकानांच्या काचांत.

मग काय, हे दोघं थेट मिलेनियम पार्कमध्ये, ‘क्लाउड गेट’समोर. स्टीलचा तो आरशासारखा चकाचक राजमा (लोक त्याला ‘बीन’च म्हणतात) घडवणारा अनिश कपूर जन्माने मुंबईकर, १९५४ सालचा. त्या वळणदार आरशात हे दोघं, मागे शिकागोच्या वाकलेल्या इमारती आणि मध्ये त्याच्या हातातला पेंटॅक्स. अख्ख्या हनिमूनमध्ये दोघं एकत्र असलेले फोटो दोन-तीनच. त्यातला हा एक आज हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय.

ट्रेन : पहिलं भांडण

शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या दिशेने कॅलिफोर्निया झेफिर ही ट्रेन निघते. सुमारे ३,९०० किलोमीटर, दोन रात्री, ५० तासांच्या वर. वाटेत रॉकी पर्वत, मग सिएरा नेवाडा. रोलमध्ये उरल्या होत्या तीन फ्रेम आणि त्या त्याने गोल्डन गेटसाठी राखून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता आणि तिने त्यातली एक फ्रेम त्यावर खर्च केली.

शटरच्या आवाजाने तो जागा झाला आणि भडकला. त्याला वाटलं, फ्रेम वाया गेली. तिला लागलं ते ‘वाया’ या शब्दाचं. डोंगरात फोनला रेंज नाही, उठून जायला दुसरी खोली नाही. नेवाडाचं वाळवंट लागेपर्यंत दोघं गप्प. चार महिन्यांच्या चॅटिंगमध्ये जे कळलं नव्हतं ते त्या अबोल्यात कळलं. त्याला जागा आवडतात, तिला माणसं. पुढच्या आयुष्यात घराच्या भिंतीपासून सुटीच्या प्लॅनिंगपर्यंत हे पुरून उरणार होतं.

सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्यावर १९३७ सालचा तो केशरी गोल्डन गेट ब्रिज धुक्यात पार गडप! राखून ठेवलेल्या दोन फ्रेममध्ये आला तो पुलाच्या एका खांबाचा नुसता शेंडा. आणि तोंड उघडं टाकून झोपलेला नवरा? तो फोटो सासूबाईंनी मागून घेतलाय.

मोजामोजी

घरी सगळे रोल आल्यावर तिने मोजदाद केली. तिच्या फोटोंत तो जिथे-तिथे. त्याच्या फोटोंत ती जेमतेम दहा-बारा वेळा, बाकी इमारती, पूल, जिने. झालं, दुसरं भांडण! त्याचं म्हणणं, तुला तर मी दिवसभर बघतच होतो, फोटो कशाला? तिचं म्हणणं, ही चांगली पळवाट आहे. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच ते अजून मिटलेलं नाही.

रॉबर्ट फ्रँक नावाच्या फोटोग्राफरने १९५५-५६ मध्ये गाडीने अख्खी अमेरिका पालथी घातली. २७ हजारांहून जास्त फ्रेम काढल्या आणि पुस्तकात घेतल्या फक्त ८३. ‘द अमेरिकन्स’ हे त्याचं पुस्तक आधी १९५८ मध्ये पॅरिसला निघालं आणि १९५९ मध्ये अमेरिकेत. त्यातला शेवटचा फोटो कुठल्याच शहराचा नाही. टेक्सासच्या रस्त्याकडेला थांबलेली गाडी आणि आत दमून बसलेली त्याची बायको-मुलं. फिल्मची खरी गंमत हीच आहे. प्रत्येक क्लिकआधी ती विचारते, हे तुला खरंच ठेवायचंय का? आणि हनिमूनवर तुमचं उत्तर ऐकायला शेजारी दुसरं माणूस उभं असतं.

तुम्हीही जाताय? मग हे लक्षात ठेवा

• रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका. तिथलं स्कॅनिंग जास्त कडक असतं.

• विमानतळांवरचे नवे सीटी स्कॅनर न धुतलेल्या फिल्मवर धुक्यासारखे डाग पाडतात. रोल पारदर्शक पिशवीत ठेवा आणि सुरक्षा तपासणीत ते हाताने तपासायची विनंती करा. अमेरिकेत तशी सोय आहे. एकदा धुतलेल्या फिल्मला मात्र कसलंच भय नाही.

• रोल भरल्यावर फिल्म पुढे सरकवताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरतेय ना, ते बघा. ती फिरत नसेल तर फिल्म अडकलेली नाही. (नायगारा आठवा!)

• नवशिक्यांनी २०० किंवा ४०० स्पीडची कलर निगेटिव्ह फिल्म घ्यावी. शंका आली तर उजेड थोडा जास्त द्या, ही फिल्म ते सहन करते.

• बजेटचं टेन्शन असेल तर हाफ-फ्रेम कॅमेरा घ्या. ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो बसतात. २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ याच जातीचा.

• परत आल्यावर रोल लगेच धुवा. गॅरी विनोग्रँड हा नामांकित फोटोग्राफर १९८४ मध्ये गेला, तेव्हा मागे अडीच हजारांच्या आसपास न धुतलेले रोल होते!

आणि अमेरिकाच हवी असं कुठेय? ३६ फ्रेम घेऊन वेण्णा लेकलाही जाता येतं. घोडे अजून आहेत. मग काय, बाबांचा कॅमेरा शोधायला माळ्यावर कधी चढताय?