मूरवर चालायचं म्हणजे नेमकं कुठे? इंग्लंडचं माळरान, पायाखालचं पीट आणि चालण्याचा हक्क

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मास्टर्सला किंवा ऑनसाइटला इंग्लंडमध्ये गेलेल्या बऱ्याच श्रोत्यांचा एकच प्रश्न येतो: "वीकेंडला लंडन सोडून कुठे जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. मूरवर जा. मी दोन वर्षं मँचेस्टरला प्रोजेक्टवर होतो, तेव्हा माझे बहुतेक शनिवार तिथेच गेले. तर आज आपण मूर म्हणजे काय, तिथे चालायचा हक्क लोकांना कसा मिळाला आणि चालताना काय सांभाळायचं, हे बघू.

मूर म्हणजे काय?

मूर म्हणजे उंचावरचं, झाडं नसलेलं, ओलसर माळरान. आपल्याकडच्या सड्यासारखं सपाट, उघडं आणि भणाणत्या वाऱ्याचं. पण सड्यावर पायाखाली कातळ असतो आणि मूरवर बहुतेक ठिकाणी पीट असतं. दिसायला काळी, ओली, स्पंजसारखी माती. खरं तर ती पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींची रास असते. पाणी साचून राहतं, हवा आत जात नाही, म्हणून मेलेलं शेवाळ आणि गवत कुजत नाही, नुसतं साठत जातं.

साठण्याचा वेग वर्षाला साधारण १ मिलिमीटर. जरा हिशोब करा. एक मीटर पीट म्हणजे हजार वर्षं. पृष्ठभागापासून ४० सेंटीमीटर खाली गेलात की तुम्ही शिवरायांच्या काळात पोचलात! काही ठिकाणी हा थर कित्येक मीटर जाड आहे. म्हणजे तुमचा बूट जिथे रुततोय, तो एक जुना डेटाबेस आहे. त्यात परागकण आहेत, राख आहे, गिरण्यांच्या धुराची काजळीसुद्धा आहे.

आणखी एक गंमत. मूर बघून वाटतं, किती अस्पर्श निसर्ग! पण यातल्या बऱ्याच डोंगरांवर हजारो वर्षांपूर्वी जंगल होतं. माणसांनी झाडं तोडली, जाळली, हवा थंड आणि ओली होत गेली, नंतर मेंढ्या चरत राहिल्या, आणि हे उघडं रूप टिकून राहिलं.

किंडर स्काउट: सुरुवात इथून करा

इंग्लंडमध्ये मूर बरेच आहेत: डार्टमूर, एक्समूर, नॉर्थ यॉर्क मूर्स. पण आज उदाहरण घेऊ पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटचं. उंची ६३६ मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मीही नाही. मँचेस्टरहून ट्रेनने पाऊण तासात एडेल स्टेशन येतं. गाडी लागत नाही, टॅक्सी लागत नाही, स्टेशनवरून सरळ चालायला लागायचं.

नेहमीचा रस्ता असा: एडेलहून अपर बूथ, तिथून जेकब्स लॅडर नावाची दगडी चढण, मग पठाराच्या कडेकडेने किंडर डाउनफॉल. हा साधारण ३० मीटरचा धबधबा आहे. पश्चिमेचा जोरदार वारा सुटला की त्याचं पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर उडतं. पावसाळ्यात नाणेघाटात हे पाहिलेल्यांना लगेच ओळखीचं वाटेल.

ऋतूंप्रमाणे मूर पूर्ण बदलतो. जूनच्या आसपास कॉटन ग्रासचे पांढरे, कापसासारखे झुबके डोलतात. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. त्याच सुमारास बिलबेरीची छोटी निळी फळं पिकतात, खाल्ली की जीभ जांभळी, अगदी आपल्या जांभळासारखी. हिवाळ्यात पांढरा होणारा पहाडी ससा इंग्लंडमध्ये फक्त याच भागात आहे. आणि वसंतात लांब, वाकड्या चोचीच्या कर्ल्यू पक्ष्याची शीळ ऐकू आली, तर इअरफोन काढून दोन मिनिटं थांबा. (हो, आमचा पॉडकास्ट चालू असला तरी!)

हा डोंगर बंद होता

आता महत्त्वाचा भाग. शंभर वर्षांपूर्वी तुम्ही किंडरच्या माथ्यावर असे जाऊ शकला नसतात. पठार जमीनदारांच्या मालकीचं होतं आणि ग्राउझ नावाच्या, तित्तरासारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखून ठेवलेलं. खाली मँचेस्टर आणि शेफिल्डमध्ये कामगार आठवडाभर धुरात राबायचे, रविवारी डोंगराकडे यायचे, आणि वर जायच्या वाटेवर राखणदार उभे असायचे.

२४ एप्रिल १९३२, रविवार. बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने काही शे लोक हेफील्ड गावातून निघाले आणि उघडउघड बंदी मोडून वर चढले. राखणदारांशी झटापट झाली. परतल्यावर अटका झाल्या. पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. यात रॉथमनही होता. शिक्षा बघून लोक भडकले. जे आधी या मार्गाच्या विरोधात होते, त्यांनाही हे फार वाटलं. काही आठवड्यांनी विनॅट्स पासला हजारोंची सभा झाली.

पण कायदा लगेच बदलला नाही, हे लक्षात घ्या. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला १९४९ मध्ये. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. एडेलहून स्कॉटलंडच्या हद्दीपलीकडे जाणारी, सुमारे ४३० किलोमीटरची पेनाइन वे ही पायवाट १९६५ मध्ये खुली झाली. आणि मोकळ्या डोंगरावर, मूरवर, पायवाट सोडूनही चालायचा सरसकट हक्क देणारा कायदा आला २००० मध्ये. तो पूर्ण इंग्लंडभर लागू व्हायला २००५ उजाडलं. म्हणजे त्या रविवारपासून ७३ वर्षं!

आणि विषय अजून संपलेला नाही. डार्टमूरवर परवानगीशिवाय तंबू टाकून रात्र काढता येते, अशी जुनी समजूत होती. एका जमीनमालकाने त्याला आव्हान दिलं. वाद कशावरून? १९८५ च्या स्थानिक कायद्यात लोकांना मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्यासाठी हक्क दिलाय. मग झोपणं हा विरंगुळा आहे का? आपण कोडमध्ये एका व्हेरिएबलच्या स्कोपवरून भांडतो ना, तसंच हे. जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने हक्क नाही म्हटलं, त्याच वर्षी जुलैमध्ये वरच्या कोर्टाने तो परत दिला, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो कायम ठेवला. पण हा हक्क डार्टमूरच्या सामाईक जमिनीपुरताच. किंडरवर तंबू टाकायला मालकाची परवानगी लागते.

पीट सुकलं तर काय?

पीटचा मुख्य कारागीर आहे स्फॅग्नम नावाचं शेवाळ. ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं. कारखान्यांच्या धुरातल्या गंधकाने हे शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेलं. त्यात वणवे आणि मेंढ्या. पीट उघडं पडलं, सुकलं, वाहून गेलं. सुकलं की ते हवेला लागतं आणि हजारो वर्षं कोंडलेला कार्बन बाहेर पडायला लागतो. पाऊसही मुरत नाही, सरळ खालच्या गावांकडे धावतो.

म्हणून २००३ पासून इथे दुरुस्तीचं मोठं काम चालू आहे. ओहोळांना छोटे बांध घालतात, शेवाळाची रोपं हाताने लावतात. पाणी अडवा, पाणी जिरवा, आपल्याला नवीन नाही! पेनाइन वेवर जिथे चिखल फार, तिथे मोठ्या फरश्या टाकल्यात. त्यातल्या बऱ्याच फरश्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या आहेत. ज्या गिरण्यांच्या धुराने मूर जळला, त्यांच्याच जमिनीवरून आज आपण तो न तुडवता चालतो. तेव्हा फरशी असेल तिथे फरशीवरूनच चाला.

चालायच्या आधी

१. वेळ मोजा. १८९२ मधला नेस्मिथचा नियम अजून चालतो: दर ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. १५ किलोमीटर आणि ४५० मीटर चढ म्हणजे पावणेचार तास, शिवाय थांबे आणि चिखल. डिसेंबरमध्ये सूर्य चारच्या आधीच मावळतो, हे विसरू नका.

२. नकाशा डाउनलोड करा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा लोड व्हायला लागतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा. कागदी नकाशा आणि होकायंत्रही घ्या. पठारावर धुकं उतरलं की सगळ्या दिशा सारख्याच दिसतात.

३. जीन्स नको. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. वारा-पाऊस अडवणारं जॅकेट उन्हाळ्यातही हवंच.

४. संकटात ९९९ फिरवा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू सांगा. ही माणसं स्वयंसेवक असतात. सिग्नल नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा.

५. आग अजिबात नाही, बार्बेक्यू तर नाहीच. पीट जमिनीच्या आत धुमसत राहतं. सोबत कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या मोकळ्या जमिनीवर तो २ मीटरच्या पट्ट्यावर हवा, कारण पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. काही मूरवर कुत्र्यांना बंदीच असते, पाटी वाचा. आणि हा हक्क पायी चालणाऱ्यांचा आहे, सायकलचा नाही.

पहिल्यांदा जाताना दिवस मोठा असेल असा महिना निवडा, मे किंवा जून. सोबत कुणीतरी घ्या, परतीच्या ट्रेनची वेळ लिहून ठेवा आणि कुठे चाललाय ते रूममेटला सांगून निघा. जाऊन आलात की आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. वाऱ्याचा आवाज आला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!