पुढे २२, मागे ३४

कळमेश्वरहून काटोलच्या रस्त्याला सायकल लागली की बराच वेळ गिअरची आठवणच होत नाही. रस्ता जरा चढतो, जरा उतरतो. कपाशीची शेतं संपली की संत्र्याच्या बागा लागतात. धापेवाडा किंवा आदाशाच्या गणपतीपर्यंतची रविवारची फेरी तर बिनगिअरची साधी सायकलही आरामात करून येते. हिशेब बिघडतो तो वरुड, मोर्शी मागे टाकून परतवाडा गाठल्यावर. पुढे चिखलदऱ्याचा घाट, माथा जवळपास ११०० मीटर उंचीवर, आणि कॅरिअरवर तंबू, कपडे, स्टोव्ह, पाणी असं पंधरा किलोचं ओझं.

दुकानात गिऱ्हाईक पहिलं विचारतं ते "गिअर किती?" एकवीस म्हटलं की समाधान, सत्तावीस म्हटलं की जास्तच. विचारायला हवं ते वेगळंच: सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे? पुढच्या सगळ्यात लहान चेनव्हीलचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीचे दात, एवढं साधं गणित आहे.

आता आकडेच मांडू. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो. चढ सहा टक्के, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर. पाय सातत्याने १५० वॉट देत असतील, तर वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास राहतो. रेसिंग सायकलवर हलका गिअर बरेचदा पुढे ३४, मागे २८ असा असतो. त्यावर या वेगाला पायडल मिनिटाला ४८ फेरे घेतं. पुढे २२, मागे ३४ असेल तर नव्वदच्या आसपास. तोच चढ दहा टक्क्यांचा झाला, तर पहिल्या सायकलवर फेरे उरतात जेमतेम ३१ आणि प्रत्येक फेऱ्याला सगळा भार गुडघ्यांवर येतो. दुसऱ्या सायकलवर ५८ फेरे मिळतात. दम लागतो, पण गुडघे शाबूत राहतात.

गंमत अशी की २१ गिअरच्या बऱ्याच स्वस्त सायकलींवर पुढे २४ आणि मागे २८ दात मिळतात. चढावर हा गिअर लाखभराच्या रेसिंग सायकलीपेक्षा हलका पडतो! त्या स्वस्त सायकलीचं दुखणं दुसरीकडे असतं. तिच्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आतल्या बाजूला बसतं, त्यामुळे मागे ओझं लादलं की ॲक्सल वाकतो, कधी मोडतोही. कॅसेटच्या हबला हा त्रास कमी. सामान घेऊन हिंडायचं तर पैसे इथे घालावेत.

नागपूरकर सायकलस्वारांपुढे डॉ. अमित समर्थ यांचं उदाहरण असतं, आणि ते असणारच. २०१७ साली त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत पहिल्याच प्रयत्नात ११ दिवस २१ तासांत पूर्ण केली. मुदत होती १२ दिवसांची. मात्र त्या शर्यतीत मागे गाडी असते, गाडीत माणसं आणि सुटे भाग असतात. भटकंतीवाल्याने नजर ठेवावी ती पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीकडे. २०१८ साली विशीतल्या या मुलीने सायकलवरून सुमारे २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली, तीही सामान स्वतःच वाहून.

हलक्या गिअरला कमीपणा मानण्याची खोड जुनीच आहे. 'तूर द फ्रान्स'चे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे ४५ ओलांडलेल्यांची सोय वाटायची. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या डिरेलरला त्या शर्यतीत मुभा मिळाली ती थेट १९३७ साली.

शिफ्टरची, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्याची, निवड गिअरच्या निवडीहून किचकट. शिमानोने १९८४ साली 'टक' आवाजासरशी नेमक्या चक्रीवर जाणारा इंडेक्स शिफ्टर बाजारात रुजवला आणि १९९० साली शिफ्टर ब्रेकच्या मुठीतच आणून बसवला. वाकड्या हँडलला हे फार सोयीचं. पण मुठीच्या आत वायर तंग वळण घेते, तिथेच तिचे धागे सुटतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. शिवाय रेसिंगचा शिफ्टर आणि माउंटन बाइकचा मागचा डिरेलर यांचं नऊ गिअरपर्यंत जमायचं. दहा गिअर आले आणि वायर ओढण्याचं माप बदललं. २०२३ साली आलेल्या शिमानोच्या 'क्यूज'मध्ये नऊ, दहा आणि अकरा गिअरना एकच माप ठेवलंय, म्हणून नव्या खरेदीत त्याचा विचार जरूर करावा. हँडलच्या टोकाला बसणारे जुन्या वळणाचे शिफ्टर मात्र आजही मोलाचे: पुढच्या डिरेलरसाठी त्यात टकटक नसते, खटका हवा तिथे थांबवता येतो, त्यामुळे कुठल्याही बनावटीशी जुळतं.

सामानात गिअरची एक जादा वायर हवीच. गावच्या दुकानात ब्रेकची वायर मिळेल, पण ती जाड असते आणि तिचं डोकं गिअरच्या खाचेत बसत नाही. मागची वायर घाटात तुटली की चेन स्प्रिंगच्या ओढीने सगळ्यात लहान चक्रीवर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन बसते. अशा वेळी डिरेलरवरचा 'एच' खुणेचा बारीक स्क्रू आत पिळावा. चेन शेजारच्या चक्रीवर सरकून तिथेच थांबते. पुढे तीन चेनव्हील असतील तर अजून तीन गिअर हाताशी राहतात. एकच असेल तर एक.