लाल डोळा आणि औषधाचें दुकान

डोळा लाल झाला कीं शहरांतला गृहस्थ प्रथम डॉक्टरकडे जात नाहीं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानीं जातो. दुकान जवळ, फी नाहीं, खोळंबा नाहीं. ह्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र "डोळ्याचें औषध द्या" एवढेंच म्हणून बाटली घेऊन परतणें, हा त्या दुकानाचा फार कोता उपयोग झाला.

जाणता फार्मासिस्ट बाटलीस हात लावण्यापूर्वीं विचारतो: खाज आहे कीं ठणका? पाणी येतें कीं पू? नजर स्वच्छ आहे ना? उजेड सोसतो ना? दोन्ही डोळे नुसते खाजत असतील, तर बहुधा धुळीचें किंवा परागांचें वावडें असतें. कोरडेपणानें चुरचुरत असतील, तर कृत्रिम अश्रूंचे थेंब पुरतात. साथीचे डोळे, २०२३ च्या पावसाळ्यांत पुणें-आळंदीकडे आले तसे, बहुधा विषाणूमुळें येतात. विषाणूवर अँटिबायोटिक थेंब चालत नाहींत. एक-दोन आठवड्यांत डोळे आपोआप निवळतात. तोंवर हात वरचेवर धुवावे, टॉवेल व उशी निराळी ठेवावी. (साथ नुसत्या बघण्यानें लागत नाहीं, काळा चष्मा लावून ती थांबतहि नाहीं.)

खरी फसगत स्टेरॉइडच्या थेंबांनीं होते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन हीं औषधें १९४५ च्या औषध नियमांतील 'शेड्यूल एच'मध्यें आहेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून तीं विकण्यास मनाई आहे. तरीहि शेजाऱ्याची जुनी चिठ्ठी किंवा कपाटांतली उरलेली बाटली कामास येतेच. थेंबांनीं लाली झपाट्यानें ओसरते आणि रोगी खूष होतो. पण आंत नागिणीच्या जातीच्या विषाणूचा किंवा बुरशीचा व्रण असेल, तर तो त्याच औषधाच्या आडोशानें वाढतो. आठवडेच्या आठवडे तें घातल्यास डोळ्यांतील दाब वाढून कांचबिंदू होऊं शकतो. दाब वाढतांना बहुधा दुखत नाहीं, आणि त्यापायीं गेलेली दृष्टि परत येत नाहीं. म्हणून चिठ्ठी मागून ग्राहकास परत पाठविणारा दुकानदार अडवणूक करीत नसतो.

ठणका, अंधुक दिसणें, उजेड न सोसणें, किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा दुखरा लाल डोळा, ह्यांपैकीं कांहीं असल्यास त्याच दिवशीं नेत्रतज्ज्ञाकडे जावें. पानाचा चुना डोळ्यांत उडाला, तर दुकानाची वाटहि धरूं नये; दिसणारा खडा काढून टाकावा, पापण्या उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटें स्वच्छ पाण्याची धार सोडावी, आणि मग थेट इस्पितळ गांठावें.