कळसूबाईपेक्षा उंच धावपट्टी

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून ब्राझीलच्या साओ पावलोपर्यंत एक दोरा ताणून धरा. सपाट नकाशा नको, गोलच हवा. शाळेच्या कपाटावर धूळ खात पडलेला असतो तसला चालेल. दोरा अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या शिंगाच्या टोकापाशी किनाऱ्याला लागतो आणि पुढे इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा जेमतेम अडीच-तीनशे किलोमीटरवर ठेवून नैऋत्येकडे निघून जातो. म्हणजे दक्षिण अमेरिकेला जाताना आदिसला विमान बदलणं हा वळसा नव्हेच, जवळजवळ सरळ वाट आहे. इथिओपियन एअरलाइन्स 2013 पासून साओ पावलोला जाते आणि मुंबईला तर त्याच्या कितीतरी आधीपासून येते. तरी आपल्या मनातला नकाशा अजून लंडन-पॅरिसकडेच झुकलेला असतो. आफ्रिकेची गत याहून वाईट होती. शेजारच्या देशाच्या राजधानीत जायला युरोपात जाऊन परत यायचं, हा तिथे कित्येक दशकं रोजचा व्यवहार होता.

ही कंपनी जुनी आहे. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, डिसेंबर 1945 मध्ये, अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीच्या मदतीने ती उभी राहिली. 8 एप्रिल 1946 ला पहिलं विमान अस्मारामार्गे कैरोला गेलं. महायुद्धातून उरलेली डकोटा विमानं होती ती. पुढे सम्राटाची गादी गेली, लष्करी राजवट आली, दुष्काळ पडले, युद्धं झाली. कंपनी चालत राहिली. आजही ती पूर्णपणे सरकारी मालकीची आहे. सरकारी विमान कंपनी म्हटल्यावर आपल्याकडे लोक एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात ती इथे जरा बाजूला ठेवावी लागते. ही कंपनी आफ्रिकेतली सगळ्यात मोठी आहे आणि बरीच वर्षं नफ्यात आहे.

तिचं घर आहे बोले विमानतळ, समुद्रसपाटीपासून 2,334 मीटर उंचीवर. कळसूबाई 1,646 मीटर. आपल्या राज्याच्या सर्वोच्च शिखरावर उभं राहून मान वर करा. आणखी जवळपास सातशे मीटर वर जंबो विमानं उतरताहेत अशी कल्पना करा. या उंचीची किंमत फार मजेदार पद्धतीने मोजावी लागते. तिच्याकडे वळण्याआधी कंपनीचं जाळं कसं चालतं ते पाहू.

मुंबईहून झांबियातल्या एन्डोलाला, तिथल्या तांब्याच्या खाणींच्या प्रदेशात, रोज किती माणसं जात असतील? विमान भरण्याइतकी नक्कीच नाहीत. पण मुंबईहून आफ्रिकेतल्या चाळीस शहरांना जाणारी माणसं एकाच विमानात बसवली तर ते भरतं. आदिसला पोचल्यावर ती चाळीस दिशांना पांगतात, आणि एन्डोलाच्या विमानात त्यांच्याबरोबर दिल्ली, ग्वांगझू, बँकॉक, दुबईहून आलेली माणसं बसतात. ज्याने दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर उडी मारली आहे त्याला हब म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फक्त आकड्यांची कमाल बघा. पूर्वेकडची 20 शहरं आणि आफ्रिकेतली 40 थेट जोडायची तर 800 मार्ग लागतील. मधे एक आदिस ठेवलं की 60 पुरतात. आणि पूर्वेला एकविसावं शहर जोडलं की एका नव्या मार्गाच्या खर्चात 40 नव्या जोड्या पदरात पडतात. आज कंपनीच्या जाळ्यात सव्वाशेहून जास्त आंतरराष्ट्रीय शहरं आहेत, त्यातली साठेक आफ्रिकेतली. चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद जोडण्यामागे हेच गणित आहे. हैदराबादचा माणूस आदिसलाच जाणार आहे असं कंपनीला मुळीच वाटत नाही.

हे साधायचं तर घड्याळ काटेकोर हवं. पहाटे आशिया, आखात, युरोपातून विमानांची रांग लागते. दोन-तीन तासांत त्यातली माणसं, बॅगा, माल इकडून तिकडे होतो आणि सकाळी सगळी विमानं आफ्रिकाभर सुटतात. संध्याकाळी तीच परत येतात आणि रात्री उलटी लाट पूर्वेला आणि युरोपला निघते. गंमत म्हणजे इथिओपियातला सामान्य माणूस वेगळ्याच घड्याळावर जगतो. तिथे दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तिकिटावर अर्थात जगाची वेळ छापलेली असते. घरी एक वेळ, विमानतळावर दुसरी, आणि तरीही लाटा चुकत नाहीत.

इथिओपिया आणि दख्खन यांच्यामधली वाट तशी नवी नाही. मलिक अंबर याच भूमीतला. गुलाम म्हणून विकला जात, येमेन आणि बगदाद करत तो दख्खनला पोचला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याला जे अंतर कापायला अर्धं तारुण्य लागलं ते मुंबईहून आता पाच-साडेपाच तासांचं आहे.

आता उंचीकडे. विमान उचलतं ती हवा. हवा पंखावरून जितकी दाट वाहते तितकी ती जास्त वजन पेलते. इंजिनालाही ढकलायला हवाच लागते. आदिसला स्वच्छ उन्हाच्या दुपारी हवा समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे पाव हिस्सा विरळ असते. म्हणजे दोन्हीकडून मार: पंख कमी उचलणार आणि इंजिन कमी ढकलणार. तेवढंच वजन उचलायचं तर जमिनीवर जास्त वेगाने धावावं लागतं, त्यासाठी लांब धावपट्टी लागते. बोलेच्या धावपट्ट्या पावणेचार किलोमीटरच्या घरातल्या आहेत, पण नुसती लांबी पुरत नाही. विमानाच्या टायरलाही वेगाची मर्यादा असते आणि तिच्यापुढे वैमानिकाला जाता येत नाही. मग उरतो एकच उपाय, वजन कमी करायचं. प्रवासी उतरवता येत नाहीत. माल थोडा कमी करता येतो. सगळ्यात सोपं म्हणजे इंधन कमी भरणं.

याचा परिणाम वेळापत्रकात दिसतो. वॉशिंग्टनहून आदिसला येणारं विमान थेट येतं. आदिसहून अमेरिकेला जाणारं मात्र वाटेत कुठेतरी टेकतं. अंतर तेच, विमान तेच. एक बाजू थेट, दुसरी बाजू थांबत. वॉशिंग्टनची धावपट्टी समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, तिथून टाक्या काठोकाठ भरून उठता येतं. आदिसहून तसं उठता येत नाही, शिवाय पश्चिमेकडे जाताना उत्तर अटलांटिकवर वारा तोंडावर असतो. मग कधी डब्लिन, कधी टोगोची राजधानी लोमे. लोमे समुद्रकाठी आहे, हवा दाट, टाक्या भरता येतात.

इथे इथिओपियनने जे केलं ते मला तिच्या सगळ्या पराक्रमांत हुशारीचं वाटतं. थांबायचंच आहे तर नुसतं इंधन का भरा? त्यांनी लोमेला प्रवासी चढवण्या-उतरवण्याची परवानगी मिळवली. टोगोचा किंवा बेनिनचा माणूस आदिसला न जाताच त्याच विमानाने न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जाऊ लागला. त्याआधी, 2010 मध्येच, आस्काय ही पश्चिम आफ्रिकेची विमान कंपनी लोमेत सुरू झाली होती. इथिओपियनचा तिच्यात मोठा हिस्सा आणि कारभारात हात. अडचण म्हणून निवडलेला थांबा दुसरं केंद्र होऊन बसला.

मग 2020 आलं. त्याआधीचंच वर्ष वाईट गेलं होतं: 10 मार्च 2019 ला कंपनीचं बोइंग 737 मॅक्स आदिसहून उठल्यावर काही मिनिटांतच कोसळलं, 157 जण गेले, आणि त्यानंतर जगभरातली मॅक्स विमानं जमिनीवर आली. वर्षभरात महासाथ. हबचं गणित उलटंही फिरतं. एक मार्ग बंद झाला की चाळीस जोड्या जातात, आणि इथे तर बहुतेक मार्ग एकदम बंद झाले. चीनची उड्डाणं चालू ठेवली म्हणून सुरुवातीला कंपनीवर टीकाही झाली.

तिला तारलं मालाने. जगातला निम्म्याच्या आसपास हवाई माल एरवी प्रवासी विमानांच्या पोटातून, आपल्या पायांखालून जात असतो. ती विमानं थांबली तसे मालाचे दर गगनाला भिडले, आणि त्याच वेळी प्रत्येक देशाला मास्क, चाचणी संच, औषधं हवी होती. इथिओपियनकडे स्वतःची मालवाहू विमानं होतीच, कारण तिथले गुलाब रात्रीतून युरोपला पोचवण्याचा तिचा मोठा धंदा आहे. ते पुरेना म्हणून पंचवीसेक प्रवासी विमानांतल्या खुर्च्या उपसून काढल्या. रिकाम्या झालेल्या केबिनमध्ये खोकी रचायची आणि उड्डाणात हलू नयेत म्हणून जाळ्यांनी आवळायची. दरवाजा माणसांच्या मापाचा, त्यामुळे मालाची मोठी पॅलेट आत जात नाहीत. एकेक खोकं हातोहात चढवावं लागतं. मार्च 2020 मध्ये चिनी उद्योगपती जॅक मा यांनी आफ्रिकेतल्या 54 देशांसाठी पाठवलेलं वैद्यकीय साहित्य आदिसला उतरलं आणि तिथून वाटलं गेलं. मार्च 2021 मध्ये इथिओपियाला कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेतून लशीची पहिली खेप मिळाली, सुमारे 22 लाख डोस. बनवले होते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने.

आफ्रिकेतल्या इतर मोठ्या कंपन्या सरकारी मदतीवर जगल्या किंवा कोलमडल्या, तर इथिओपियनने मदतीच्या पॅकेजशिवाय तो काळ काढला. महासाथीआधी वर्षाला सुमारे 1 कोटी 20 लाख प्रवासी होते; 2023-24 मध्ये ते 1 कोटी 70 लाखांवर गेले.

पुढचे बेत अवाढव्य आहेत. नोव्हेंबर 2023 मध्ये दुबईच्या विमान प्रदर्शनात बोइंगकडे 11 ड्रीमलायनर आणि 20 मॅक्स यांची मागणी नोंदवली. होय, तीच मॅक्स. 2022 मध्ये कंपनीने ती पुन्हा उडवायला सुरुवात केली होती. त्याच प्रदर्शनात एअरबसकडेही 11 विमानांची मागणी गेली. मार्च 2024 मध्ये आठ 777-9 मागवली. 2035 पर्यंत 271 विमानं, 207 आंतरराष्ट्रीय शहरं आणि वर्षाला 6 कोटी 70 लाख प्रवासी, असं उद्दिष्ट आहे. बोलेची क्षमता अडीच कोटींच्या आसपास. ते तिथे मावणार नाही हे उघड आहे.

म्हणून कंपनी डोंगर उतरते आहे. आदिसच्या आग्नेयेला चाळीसेक किलोमीटरवर बिशोफ्तूजवळ नवा विमानतळ बांधायला जानेवारी 2026 मध्ये सुरुवात झाली. खर्चाचा अंदाज साडेबारा अब्ज डॉलर, चार धावपट्ट्या, पहिल्या टप्प्यात वर्षाला 6 कोटी आणि शेवटी 11 कोटी प्रवासी. तुलनेला, नवी मुंबई विमानतळ पूर्ण झाल्यावर 9 कोटींचा असेल. पण मला भुरळ घातली ती दुसऱ्याच आकड्याने: नवी जागा बोलेपेक्षा सुमारे 400 मीटर खाली आहे. कळसूबाईहून अजूनही उंच, तरी तेवढ्या उताराने प्रत्येक मोठ्या विमानामागे काही टन जास्त वजन उचलता येईल. रोज, वर्षानुवर्षं. विमानतळ हलवून जास्तीचं इंधन मिळवायची ही कल्पना ऐकायला वेडगळ वाटते, पण हिशेब पक्का आहे.

खरी अडचण मला हवेत नव्हे, कागदावर दिसते. आफ्रिकन देशांनी 1999 मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रो इथे एकमेकांचं आकाश खुलं करायचं ठरवलं. 2018 मध्ये एकसंध हवाई बाजारपेठेची घोषणा आदिसमध्येच झाली. प्रत्यक्षात अनेक देश आजही हात राखूनच परवानग्या देतात. म्हणून इथिओपियन दुसऱ्यांच्या राष्ट्रीय कंपन्यांत भागीदार होऊन शिरते: मलावी, झांबिया, काँगो. हे दर वेळी जमतं असं नाही. मे 2023 मध्ये अबुजाला ‘नायजेरिया एअर’च्या रंगातलं एक चकचकीत विमान उतरलं, फोटो निघाले. विमान इथिओपियनचंच, नुसतं रंगवलेलं. थोड्याच दिवसांत ते आदिसला परतलं, नायजेरियातल्या विमान कंपन्या कोर्टात गेलेल्या होत्याच, आणि बेत गुंडाळला गेला. आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या देशात पाय रोवता न येणं ही इथिओपियनच्या जाळ्यातली मोठी त्रुटी आहे, आणि बिशोफ्तूच्या चार धावपट्ट्या ती भरून काढणार नाहीत.

लागोस, किन्शासा किंवा साओ पावलोला जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी आदिसची वाट एकदा ताडून पाहा. वेळ वाचण्याची बरीच शक्यता आहे. मात्र यांपैकी कुठेही जाणार असाल, किंवा आदिसलाच विमानतळाबाहेर पडून गावात फिरायचं मनात असेल, तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या आणि लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.